आंदणाची शेळी

कर्जतला जाऊन आलेले लोक धबधब्यांबद्दल लिहितात. मी गेलो होतो शेळ्यांच्या लेंड्या गोळा करायला, तेव्हा ज्यांना धबधबे हवेत त्यांनी इथेच थांबलेलं बरं. परत फलटणला येऊन आठवडा झाला. घरात कोणाशी फारसं बोलवत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नव्हे. पण कशेळ्याच्या वर डोंगराच्या पोटात ज्या ठाकरवाड्या आहेत, तिथे मला सगळे डाक्तरच म्हणत आणि खरं सांगायचं तर मीही ते कधी मनापासून दुरुस्त केलं नाही. नऊ वर्षं त्या भागात काढली. बदली होऊन मी निघालो त्यालाही आता वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी पुन्हा जाण्याचं कारण मधुरा. ती माझ्या जुन्या साहेबांची मुलगी, आता स्वतः पशुवैद्य आहे आणि जनावरांच्या पोटातल्या जंतांवर अभ्यास करते. मला काका म्हणते.

तिला एवढंच बघायचं होतं की या वाड्यांतल्या शेळ्यांना जंताचं औषध अजून लागू पडतं की नाही. पद्धत सोपी आहे. शेळीच्या लेंड्या घ्यायच्या, मिठाच्या दाट पाण्यात कालवून गाळायच्या, म्हणजे जंतांची अंडी वर तरंगतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. मग शेळीचं वजन करून औषध पाजायचं आणि चौदा दिवसांनी पुन्हा मोजायचं. अंडी गेली तर औषध चालतं. फक्त लेंड्या ताज्या लागतात, थेट शेळीच्या आतून काढलेल्या. अनोळखी माणसाला आपल्या शेळीच्या मागून बोट घालू द्यायला कोण तयार होईल? तिथे ओळखीचा माणूस हवा, म्हणून माझी आठवण झाली.

वर, वाडीत

कर्जतहून कशेळ्याची जीप भरेपर्यंत अर्धा तास गेला आणि कशेळ्यापासून पुढे चढ. आश्विनातलं ऊन, घामाच्या धारा. उतारावरचं भात पिवळं पडायला लागलं होतं आणि वाटेच्या दोन्ही अंगांना सोनकी फुललेली. पूर्वी हा चढ मी सायकल खांद्यावर घेऊन चढायचो. या खेपेला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा मधुराला दम लागला असेल म्हणून बसलो असं सांगितलं. ती हसली नाही, एवढी ती चांगली आहे.

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की बाजारात त्या वाडीची शेळी कोणी घेणार नाही.

चांगुणाबाईने मला लांबूनच ओळखलं. माझ्या वेळी ती तरणी होती, कडेवर पोर घेऊन शेळ्यांमागे फिरायची. नवरा लवकर गेला. तेव्हापासून शेळ्याच तिचं सगळं. आता केस पिकलेत, पण चाल तीच. तिच्या घरात आजही एका बाजूला बांबूचा उंच माळा आहे आणि त्याच्यावर शेळ्या. आमच्या फलटणकडे मेंढरांचा वाडा रानोमाळ हिंडतो, आज या शेतात तर उद्या त्या, जनावर घरात निजत नाही. इथे माणूस खाली आणि शेळी वर. रात्री माळ्यावर खुरं वाजली की झोप लागते, असं तिने मला फार पूर्वी सांगितलं होतं.

दिवसभर काम झालं. मी शेळी धरायची, मधुराने लेंड्या काढायच्या, ताणकाट्याला झोळी लावून वजन करायचं आणि मापाने नव्या बाटलीतलं औषध पाजायचं. कोणती शेळी कोणाची याची यादी माझ्याकडे होती. ती मी ओट्यावर दगडाखाली ठेवून पाणी प्यायला वळलो, तेवढ्यात एका काळ्या शेळीने दगड बाजूला सारून अर्धी यादी खाल्ली. मधुरा पहिल्यांदाच खळखळून हसली. उरलेली यादी मी बायकांना विचारून पुन्हा केली. त्यांना वाडीतली एकूण एक शेळी नावाने पाठ होती.

दुपारी चांगुणाबाईने चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा आणि तांदळाची भाकरी वाढली. मला चिंबोरी फोडायला अजून येत नाही. तिने माझ्या ताटातली उचलून स्वतः फोडून दिली आणि बोलता बोलता तिच्या लेकीचा, वनिताचा विषय निघाला. मी पाहिलेलं कडेवरचं पोर ते हेच. वनिताचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, सासर खालापूरच्या बाजूला.

लग्नात आईने लेकीला एक शेळी द्यायची, ही तिथली रीत. आंदणाची शेळी. ती मुलीची स्वतःची. नवऱ्याने विकायची नाही, सासूने कापायची नाही, तिची पिल्लंही मुलीचीच. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. शेळी निघताना तिच्या कपाळाला हळदकुंकू लावतात आणि मग आई स्वतःच्या हाताने तिला जंताचं पांढरं औषध पाजते. एक बूच भरून. त्याशिवाय शेळी उंबऱ्याबाहेर काढत नाहीत.

हे कोणी सुरू केलं, असं मी विचारलं.

"तुमीच की," चांगुणाबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी शेळी धाडायची तर पोट साफ करून धाडा, म्हनजे तितल्या शेळ्यांना रोग लागनार नाय. आंब्याखाली मीटिंग घेतलेली ना तुमी."

मला ती मीटिंग आठवतही नव्हती. बहुधा घाईत उरकली असणार, खाली परतायचं असेल. पण बायकांनी ते धरून ठेवलं होतं आणि आता आईचा शेवटचा आशीर्वाद म्हणजे माझं औषध. मला भरून आलं. नोकरीभर मी फॉर्म भरले, लसी टोचल्या, साहेबांची बोलणी खाल्ली, आणि मागे काय राहिलं असं कोणी विचारलं तर दाखवायला काही नव्हतं. इथे माझ्या सांगण्याची रीत झाली होती. मी मधुराकडे मोठ्या अभिमानाने बघितलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती.

वनिताच्या सासरी मात्र या पावसाळ्यात शेळ्या मरत होत्या. एकामागून एक पाच गेल्या. दिवाळीला द्यायची म्हणून चांगुणाबाईने एक पाट, म्हणजे अजून न व्यायलेली तरणी शेळी, वेगळी काढून ठेवली होती. ती म्हणाली, "डाक्तर, तुमी तिकडं जाऊन बघा. तुमच्या हातानं पाजा, मंग ऱ्हातील."

मी लगेच हो म्हटलं.

खालापूरच्या बाजूला

दुसऱ्या दिवशी आम्ही एक टेंपो ठरवून खोपोलीकडे गेलो. वनिताची वाडी खोपोलीच्या वर डोंगराला चिकटलेली आहे. अंगणातून खाली कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात आणि समोरच्या कड्यावरून वीजघराचे जाडजूड पाइप उतरलेले. वनिताचा नवरा मोहोपाड्याला एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला आहे, रविवारी येतो. घरात वनिता आणि सासू ठमाबाई, दोघीच.

शेळ्यांकडे बघूनच मी काय ते समजलो. केस राठ, चाल लटपटती. एका शेळीच्या हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत लाल हवी ती कातडी पांढरी फटक. पोटातले जंत रक्त पितात, त्याचं हे लक्षण. औषध पाजलं होतं का, विचारलं. दोनदा पाजलं होतं.

सगळ्यांत एकच शेळी तुकतुकीत होती. चांदी, वनिताच्या आंदणाची. तिला दोन पाटी झालेल्या, एक लहान, एक मोठी.

ठमाबाईने मला चांदी हात लावून दाखवली. आमची सगळी चालली, सुनेच्या आईची तेवढी उभी आहे, सून पायगुणाची मिळाली, असं ती शेजारणींदेखत म्हणाली. वनिता खाली मान घालून हसली. ती फार बोलणारी नव्हती. पण माझ्या लक्षात आलं की घरात काही सांगायचं झालं तर ती चांदीजवळ जाऊन उभी राहते आणि मग सांगते, आणि सासू ते ऐकते.

मोठी पाट दसऱ्याला नणंदेला द्यायची ठरली होती. नणंद पलीकडच्या वाडीत असते, तिच्याकडे शेळ्या बऱ्याच आहेत आणि धडधाकट आहेत. वनिताने मला सांगितलं, "आई करते तसंच करीन. पाजूनच देईन."

मी तिला शाबास म्हटलं.

आम्ही त्या घरच्या शेळ्यांच्या लेंड्या घेतल्या आणि ओढ्यापलीकडच्या दोन घरांतल्याही. त्या शेळ्या वेगळ्या उतारावर चरतात. सगळ्यांना मापाने औषध पाजलं आणि मी मधले दिवस घरी येऊन राहिलो.

चौदा दिवसांनी

दसरा करून पुन्हा कर्जतला आलो. वाडी, मग खालापूर, पुन्हा लेंड्या. वनिताच्या घरी आणखी दोन शेळ्या गेल्या होत्या. लॉजच्या खोलीत टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून मधुरा दिवसभर मोजत बसली. संध्याकाळी तिने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, तुम्हीच बघा.

ओढ्यापलीकडच्या शेळ्यांच्या लेंड्यांचं पाणी घेतलेल्या काचा स्वच्छ होत्या. तिथे औषधाने काम केलं होतं. चांगुणाबाईच्या वाडीतल्या शेळ्यांच्या काचांवर अंडी होती, जवळजवळ पहिल्याइतकीच. वनिताच्या घरच्या शेळ्यांचंही तेच. आणि चांदीच्या काचेवरही, थोडी का होईना, होती.

मी वाद घातला. बाटली बनावट असेल म्हटलं. मधुरा म्हणाली, बाटली सगळीकडे एकच होती. वजन चुकलं असेल म्हटलं. वजन तुम्हीच केलंत, ती म्हणाली. मग ती हळूहळू समजावू लागली. शंभर टक्के खात्रीने ती सांगणार नव्हती, अजून तपासण्या व्हायच्या होत्या. पण बहुधा चांगुणाबाईच्या वाडीतले जंत औषधाला जुमानत नाहीत. वर्षानुवर्षं एकच औषध, तेही कमी मापाने. शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून शेळीला ते जास्त लागतं. कमी दिलं की कच्चे जंत मरतात आणि चिवट उरतात. पुढची पिढी त्या चिवटांची.

एक बूच हे माप माझं होतं. मी फलटणचा, मेंढरांच्या मुलखातला, मेंढीला किती औषध द्यायचं तो तक्ता तोंडपाठ. तोच मी नऊ वर्षं शेळ्यांना लावला.

उरलेलं मधुराने सांगितलं नाही, मला कळलं. आईने पाजलेल्या त्या एका बुचाने चांदीच्या पोटातले मरणारे जंत मेले. न मरणारे तेवढे तिच्याबरोबर सासरी गेले, लेंड्यांतून तिथल्या गवतात उतरले आणि त्या घरच्या शेळ्यांच्या पोटात शिरले. चांदी त्या जंतांतच लहानाची मोठी झालेली, तिला ते सोसतात. बाकीच्यांना सोसले नाहीत. न पाजता पाठवली असती तर निदान औषधाने मरणारे साधे जंतही बरोबर गेले असते, चिवटांत मिसळले असते, आणि औषधाने काहीतरी झालं असतं.

मधुरा म्हणाली, "काका, त्या वेळी सगळे हेच सांगत होते. पुस्तकातही हेच होतं."

ते खरं आहे. पण पुस्तक त्या आंब्याखाली उभं राहिलं नव्हतं, मी राहिलो होतो. मी खाली जाऊन चहा थंड आहे म्हणून लॉजच्या माणसाशी भांडलो. चहा चांगला गरम होता.

पुन्हा वर

दुसऱ्या दिवशी आम्ही चांगुणाबाईकडे पोचलो तेव्हा पाट अंगणात बांधलेली होती. कपाळावर हळदकुंकू. लेकीच्या आणखी दोन गेल्याचं कळल्यावर तिला दिवाळीपर्यंत दम निघेना, भाचा टेंपो घेऊन जाणार होता त्याच्याबरोबर पाट द्यायची होती. बाटली तिच्या हातात होती. मला बघून तिला आनंद झाला. आता तुम्हीच पाजा, म्हणाली.

मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि ओट्यावर बसलो. कसं सांगायचं ते येताना वाटेत ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. वेडंवाकडं सांगितलं. ती उभ्याउभ्याच ऐकत राहिली.

"पन मी तर पाजून धाडली व्हती," ती म्हणाली.

"पाजली म्हणूनच," मी म्हटलं. "चूक तुझी नाही. माप माझं होतं, सांगणं माझं होतं."

ती खाली बसली. पाटीच्या कपाळावरचं कुंकू तिने पदराने पुसायला सुरुवात केली. सगळं निघेना, तरी ती पुसत राहिली. मला ते बघवेना. मी मधुराला खूण केली, पण तीही दुसरीकडे बघत होती.

चांगुणाबाईने शेवटी पदर खाली सोडला. मला वाटलं ती मला बोल लावील आणि लावला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी आमच्या भल्याचंच सांगितलं, डाक्तर. पन एक करा. तिच्या सासूला नका सांगू. चांदीमुळं तिचं त्या घरात चाललंय."

मी तिला शब्द देऊ शकलो नाही. मोठी पाट दसऱ्याला नणंदेकडे गेली होती. तिथलं रान अजून चांगलं होतं आणि पाट त्याच रानात चरत होती. सांगितलं नाही तर उद्या नणंदेची नणंद, तिच्यापुढे आणखी कोणी. हे मी तिला सांगितलं. तिलाही ते कळत होतं. ठपका माझ्यावर घेईन, चांदीचं नाव जेवढं टाळता येईल तेवढं टाळीन, एवढं मी म्हणालो. तिने मान हलवली. भाचा टेंपो घेऊन रिकामाच गेला.

अंगणात

वनिताच्या सासरी ठमाबाईने आम्हाला चहा दिला. मधुराने दुसऱ्या जातीचं औषध आणलं होतं, ते तिने फक्त पापण्या पांढऱ्या पडलेल्या शेळ्यांना वजन करून पाजलं आणि सरसकट कोणालाच पाजू नका म्हणून बजावलं. मग मी बोलायला लागलो. हे औषध आता चालत नाही, वर्षानुवर्षं मी चुकीचं माप शिकवलं, त्यातून हे झालं. चांदीचं नाव टाळत टाळत मी बरंच बोललो. नणंदेकडे गेलेली पाट परत आणून बांधून ठेवायला हवी, असं म्हणालो आणि तिथेच अडकलो.

ठमाबाई म्हातारी असली तरी खुळी नव्हती. तिने रिकामी कपबशी खाली ठेवली. चांदीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"औषध तुमचं म्हनता, डाक्तर," ती म्हणाली. "पन शेळी कोनाची?"

वनिता दाराच्या चौकटीत उभी होती. आज ती चांदीजवळ गेली नाही, जिथे होती तिथूनच बोलली.

"माजी हाय."

ठमाबाईने तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. वनिता आत गेली, पायांत चपला घालून बाहेर आली आणि खुंटाळ्यावरचं एक मोकळं दावं तिने हातात घेतलं. कुठे चाललीस, सासूने विचारलं. पाट आणायला, ती म्हणाली.

"दिलेलं कोनी मागारी मागतं का गं? काय तोंड दाखवशील?"

"मागनार. त्यांचं रान अजून चांगलं हाय."

पलीकडच्या वाडीपर्यंत तासाभराची वाट आहे. तिथे जाऊन एकटीने हे सगळं सांगायचं म्हणजे काय होईल, याचा विचार करून मी उठलो आणि बरोबर येतो म्हणालो. ती अंगणाच्या कडेला थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुमी नका येऊ, डाक्तर. तुमी आलात तर त्यांना वाटंल, अजून औषध आनलंय."

मी पुन्हा बसलो.